गिधाडखडीवर साडेआठशे

उंब्रज
१९ फेब्रुवारी २०२५

नानासो, राम राम.

गाडीचा खरा खर्च आज मांडून बघितला. कागदावर नऊ लाख चाळीस हजार. माधवनगरहून जतकडच्या तुझ्या माळापर्यंत टेम्पोचं भाडं सात हजार. तुझा डावा पाय, गुडघ्याखाली वीतभर सोडून बाकी सगळा. जोतीरामच्या डोक्याला तेरा टाके. माझं उजवं मनगट, चहाचा कप धरला तरी ठणकतं. आणि बावीस वर्षांची आपली बोलाचाल. दुकानदारानं यातलं फक्त पहिलं सांगितलं होतं.

परवा तुला मिरजेहून घरी आणलं असं कळलं. फोन लावला की तानूवहिनी उचलतात, माझा आवाज ओळखतात, एक श्वास सोडतात आणि ठेवून देतात. तो श्वास मला ऐकू येतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. हायवेवरनं जाणाऱ्या ट्रकचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी दुकानात बसून सांगतो. वहिनींचं काय गेलंय तेही कळलं. म्हणून पत्र.

चष्मा तुला सापडत नसणार, तेव्हा लेक वाचून दाखवत असेल. पल्लवी पोरी, सावकाश वाच. अक्षर वाईट आहे, कारण शाळा चौथीपर्यंत. आम्ही शिकलगार, धार लावणारे. बाप सायकलला दगडाचं चाक बांधून गावोगाव फिरायचा. मी त्या सायकलवरनं गॅरेजपर्यंत आलो आणि गॅरेजवरनं तुझ्या बापापर्यंत. ती हकीकत तो स्वतःला लहान करून सांगतो, म्हणून माझ्याकडनं ऐक.

उंब्रजच्या पुलापाशी एका ट्रकनं त्याच्या चौदा मेंढ्या चिरडल्या. ट्रकमधनं तिघं उतरले, हातात लोखंडी टॉमी घेऊन, वर म्हणाले, रस्ता काय तुझ्या बापाचा? तुझ्या बापानं काठीच्या एका तडाख्यात एकाचे पुढचे दात पाडले. दुसऱ्यानं त्याच्या पाठीत टॉमी घातली. मी दुकानातनं चाकाचा पाना घेऊन पळत आलो आणि तिसऱ्याच्या खांद्यावर उतरवला. पळाले. मग आम्ही दोघं रस्त्यावरची मेंढरं पाय धरून बाजूला ओढत होतो, कोपरापर्यंत रक्त. तुझा बाप म्हणाला, "मिस्त्री, तुमचं ह्यात काय जात हुतं?" मी पुढच्या मेंढीचे पाय धरले. तिथनं दोस्ती.

लोक मला अजून विचारतात. चौपन्न वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, पैलवान पाडला कसा? मी म्हणतो, एका घावात. त्या दिवशी गाडी तुझ्यावर उलटल्यावर धुरळ्यातनं जोतीराम वळला, कुस्तीत खडाखडीला येतात तसे हात पसरून अंगावर आला. तुला संपवून मला संपवणार होता. मी पाना फिरवला. सांगलीच्या तालमीत बारा वर्षं दूध-बदाम खाल्लेला गडी ओंडक्यासारखा गेला. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलंय. ती उलटावी म्हणून गाडीच्या मागच्या डब्यात लोखंड कुणी भरलं ते आता सगळा तालुका जाणतो.

बरा हो. वहिनींना म्हणावं, एकदा तरी शिवी द्या.

तुझा,
महंमद

उंब्रज
२६ फेब्रुवारी २०२५

नानासो गड्या,

उत्तर नाही. बरं. तू मेंढ्यांशीही चार-चार दिवस बोलत नाहीस, मी कोण?

गाडी मी निवडली, तू नाही, हे वहिनींना सांगितलंस का? नसशील. मग मीच सांगतो.

महाबळेश्वरच्या त्या हॉटेलवाल्याकडनं आपण तीन चारचाकी फटफट्या आणल्या, दोनशे सीसीच्या, पावसानं गंजलेल्या. इंजिनं मी खोलली, वाट तू आखलीस. मेंढरं जिथनं चढतात तिथनंच माणूस चढवायचा, एवढी तुझी अक्कल, आणि तीच पुरली. सांगली-पुण्याची मंडळी येऊन धूळ खाऊन पैसे देऊन जायची. चार वर्षांत एकाचंही हाड मोडलं नाही.

मग जानेवारीत तो राजवर्धन आला. बापाच्या पैशाची हजार सीसीची गाडी, चार दोस्त, आणि सोबत ड्रायव्हर म्हणून जोतीराम. गाडीवरनं न उतरताच म्हणाला, "मामा, तुमची ही खेळणी चार्जिंगवर चालतात का?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, धंदा आहे. मग तो नाकाला रुमाल लावून तुला म्हणाला, "मेंढरं जरा लांब घ्या ओ, तुमचा वास कुठला आणि त्यांचा कुठला कळंना झालाय."

तुझी मूठ मी बघितली नाही, ऐकली. ओलं लाकूड फुटावं तसं त्याचं नाक वाजलं. जोतीरामनं तुला मागनं कवळ घातली नसती तर दुसरीही बसली असती. त्यानं तुला दाबलं नाही, नुसतं धरून ठेवलं, म्हणत होता, "काका, सोडा, पोरगं हाय." हे मी आज लिहितोय. तेव्हा मला ते आठवावंसं वाटलं नव्हतं.

राजवर्धन रक्त पुसत म्हणाला, "नऊ फेब्रुवारी. गिधाडखडीची चढण. ज्याची गाडी माथ्यावर जाईल त्यानं हा माळ चालवायचा." आणि मी, तुला न विचारता, हो म्हणालो.

माधवनगरला बंद गिरणीच्या शेडात शोएबचं दुकान. दोन गाड्या लावलेल्या. एक साडेचारशेची, एक साडेआठशेची, दोन सिलिंडरची. तू माडग्याळी मेंढा बघावा तशा बघितल्यास. पाठीवर तळवा दाबलास. मागनं ढुंगण लावून ढकललीस. पुढचं हँडल धरून उचलून बघितलंस. शोएब म्हणाला, "काका, दातबी बघताय का?"

तू म्हणालास, "मिस्त्री, ही ल्हान घिऊ. हिचा बारका गेर दमदार हाय, चारी पाय भुईला धरत्यात. ही थोरली पुढनं हलकी हाय. अशी मेंढी चढावर बसती."

मी म्हणालो, "त्याच्या हजारासमोर साडेचारशे? लोक थुंकतील."

"डोंगराला जोर लागत न्हाई रं. खुरं लागत्यात."

मी ऐकलं नाही. मी शोएबला थोरली चालू करायला सांगितली. नानासो, ते इंजिन बोललं आणि माझ्या मणक्यातनं मुंगी गेली. जन्मभर मी दुसऱ्यांची खोकणारी इंजिनं ऐकली. ह्यात खोट नव्हती. अंगठ्यानं थोडा एक्सलेटर दाबला की शेडातले पत्रे थरथरत होते. बापाची सायकल चढावर हातानं ढकललेल्या माणसाला असला आवाज ऐकवू नये. मी तिथंच पैसे टाकले. तू बाहेर जाऊन विडी पेटवलीस.

इंजिनात खोट नव्हती हे अजूनही खरं आहे. खोट कुठं होती ते डब्यातल्या लोखंडानं दाखवलं. तो डबा फुटला, जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे तुकडे दगडांवर उडाले, आणि आदल्या रात्री मालकाची गाडी राखायला म्हणून गाड्यांजवळ मुक्कामाला कोण होतं? जोतीराम. आता यापुढं मी काय सांगणार?

महंमद

उंब्रज
४ मार्च २०२५

नानासो,

रोजे सुरू झालेत, आज तिसरा. असरची नमाज झालीय, मगरिबला, रोजा सोडायला, अजून वेळ आहे. घसा कोरडा आहे, म्हणून मुद्द्याचंच लिहितो.

काल तुझा पुतण्या दुकानात आला. बाळासो. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी फरशीवर टाकलं. आवाजावरनंच कळलं, तीन कोयते.

म्हणाला, "मिस्त्री, धार पायजे. तुमच्या बापाच्या हातची."

"ऊस तुटून गेला की रं सगळा."

"उसाला न्हाई."

मी खाली बसलो. तो स्टूल ओढून शेजारी बसला, घरच्यासारखा. "जोतीराम ह्या आठवड्यात दवाखान्यातनं घरी येतोय. धुळवडीला आमी चौघं माधवनगरात रंग खेळाय जाणार. तोंडं रंगल्यावर कोण कुणाला वळखतंय?"

"नानासोला ठाऊक हाय?"

"काकाला इचारलं. काका भिताडाकडं तोंड करून गप पडला. गप पडला म्हंजी व्हय."

"आरं, पोलीस बघत्यात की."

"तुमी त्याला एका घावात पाडला, मिस्त्री. तुमी निम्मं केलं, आमी पुरं करतो. त्यानं काकाचा पाय घेतला. आमी त्याचे दोन घेतो. जीव ऱ्हायला तर त्याचं नशीब."

तो हसत होता, नानासो. पोरगं लहानपणी माझ्या दुकानात ग्रीसच्या डब्यात हात घालून बसायचं, तसंच हसत होता.

आता जे लिहितो ते वाचून तू थुंकशील. मी धार लावली. तिन्ही. नाही म्हणता आलं असतं. मनगट दुखतंय, वीज गेलीय, रोजा आहे, काहीही. पण नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं, आणि मला त्या का-ची भीती वाटली. हल्ली मोटरवरचा दगड आहे. ठिणग्या माझ्या हातावर पडत होत्या आणि मी हात मागं घेतला नाही. धार येते तेव्हा लोखंडाचा आवाज बारीक होत जातो. शेवटी तो इतका बारीक होतो की फक्त शिकलगाराला ऐकू यावा. तिसऱ्या कोयत्याला तो आवाज आला तेव्हा मी मोटर बंद केली. बाळासोनं अंगठ्यावर केस कापून बघितला आणि म्हणाला, "वा मिस्त्री."

पैसे घेतले नाहीत.

गड्या, धुळवड चौदा तारखेला आहे. दहा दिवस. ती पोरं माझं ऐकणार नाहीत, पोलिसाचं तर नाहीच. तुझं ऐकतील. भिंतीकडनं इकडं वळ आणि नाही म्हण. एवढंच म्हण. कारण मला विचारू नकोस.

महंमद

उंब्रज
९ मार्च २०२५

नानासो,

काल माधवनगरला गेलो होतो. जोतीरामच्या घरी. सुगराबी म्हणाली, कशाला जाता, तोंड काय दाखवणार? बायको खरं बोलते तेव्हा मी चपला लवकर घालतो. खजूर आणि सफरचंदं घेतली.

दार त्याच्या बायकोनं उघडलं. रेश्मा नाव. मला बघितलं, आत गेली, खलबत्त्याचा लोखंडी दस्ता घेऊन आली आणि एक शब्द न बोलता माझ्या खांद्यावर घातला. गळ्याखालचं हाड मोडताना मी ऐकलं, नानासो. दुसऱ्याचं मोडलेलं बरंच ऐकलं होतं. आपलं आतनं ऐकू येतं, दोन्ही कानांना एकदम. सफरचंदं गटारात गेली.

"अर्धा मारलासा, आता पुरा कराय आलायसा?" असं ओरडून तिनं दुसऱ्यांदा उचलला. मी हात वर केला नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, हात वर होईनाच.

आतनं आवाज आला. "रेश्मा. येऊ दे त्यास्नी."

तो खाटेवर बसला होता. उजव्या कानाचा पडदा फाटलाय, पुन्हा ऐकू येणार नाही म्हणतात. बोलताना मान उजवीकडं फिरवतो, कोंबडा दाणा बघतो तशी. मी समोर बसलो तर त्यानं मला खुणेनं दुसऱ्या बाजूला बसवलं. त्यानं मला एकच गोष्ट विचारली. ती मी आज लिहीत नाही. तेवढा दम अजून आलेला नाही. पण तिथनं निघालो आणि हाड बांधून घेऊन एस्टीत बसलो, तेव्हापासून निम्मं तरी सांगायचंच असं ठरवलंय.

लोखंड मी भरलं.

पल्लवी, थांबू नकोस, वाच.

नऊ फेब्रुवारीला सकाळी फजरची नमाज उरकून मी गाडीपाशी गेलो. तू मेंढ्या सोडायला गेला होतास. जोतीराम चुलीवर चहा ठेवत होता. मलाही अर्धा कप दिला. तो चहा पिऊन मी मागच्या डब्यात जीपच्या पाट्यांचे तुकडे भरले, चाळीस-पंचेचाळीस किलो, आणि झाकणाला कुलूप घातलं. घातपात म्हणून नव्हे. तूच आठव, आदल्या दिवशी मी वाळूचं पोतं मागं बांधत होतो आणि तू सोडायला लावलंस. "मागं वजन नगं, मिस्त्री, उलथंल." मला पटलं नाही. तीस वर्षं मी घाटातल्या जीपा बघितल्या. रिकामी जीप चढाला मागनं घसरते, म्हणून आम्ही मागं पोती टाकतो. चाक दबतं, पकड येते. जीपवाल्याला हे आईच्या दुधासोबत मिळतं. मला वाटलं, नानासोला मेंढ्या कळतात, गाडी मला कळते. तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा झाकणाखाली घालावं आणि माथ्यावर पोचल्यावर हसत सांगावं.

बाकीचं तुला ठाऊक आहे तेवढं मला खालनं ऐकू आलं. राजवर्धनची हजाराची गाडी खडीच्या निम्म्यात जाऊन रुतली, चाकं जागेवर फिरली, तो उतरून शिव्या देत बसला. मग तू निघालास. तुझं अंग हँडलवर पुढं झुकलेलं, बरोबर, शिकवल्यासारखं. निम्म्याच्या वर, जिथं जोतीराम लाल फडकं घेऊन उभा होता, तिथं इंजिनाचा आवाज बदलला. ओझ्याखालचा आवाज जाऊन मोकळा आवाज आला. कुणी बघायच्या आधी मला कळलं, पुढची चाकं उचलली. तू अंगठा सोडलास. साडेचारशेची असती, डबा रिकामा असता, तर ती तेवढ्यात खाली बसली असती. ही नाही बसली. ती मागच्या पायांवर उभी राहिली, घोडं खिंकाळतं तशी किंचाळली आणि चारशे किलो उलटी तुझ्यावर आली.

तेव्हा जोतीरामनं काही भरलं नव्हतं. त्यानं फक्त चहा केला होता. बाळासोला हे सांग. आता पाच दिवस आहेत.

महंमद

उंब्रज
१२ मार्च २०२५

मी, महंमद कासिम शिकलगार, वय चौपन्न, राहणार उंब्रज. नाव आज वरच घालतो. खाली पोचेपर्यंत हात टिकेल का सांगता येत नाही, हाड बांधलेलं आहे.

नानासो, काल पल्लवीचा फोन आला. तुझ्या घरातनं महिन्यात आलेला पहिला शब्द. पोरगी रडत होती, पण तुझं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. "आप्पा म्हणत्यात, लोखंड मिस्त्रीनं भरलं आसंल. येडा हाय, भरंल. पर मग त्यो पैलवान माज्याकडं पळत कशाला आला? मिस्त्रीच्या अंगावर हात पसरून का गेला? मिस्त्रीनंच सांगितलंय न्हवं? मनात पाप हुतं म्हणूनच की." आणि बाळासो दारातनं ओरडत होता तेही मी ऐकलं, "मिस्त्री भ्यालाय! कोयतं बघून भ्यालाय, म्हणून लोखंड आंगावर घेतोय!"

म्हणजे निम्मं सांगून भागलं नाही. निम्मं सांगणारा माणूस उरलेल्या निम्म्यासाठीच सांगतो, हे तू ओळखलंस. मेंढरं राखणाऱ्याला कळपातलं कुठलं कमी आहे ते मोजावं लागत नाही.

परवा धुळवड. टपालावर विसंबत नाही. माझी सबा सकाळच्या पहिल्या एस्टीनं हे पत्र घेऊन येईल आणि तुझ्या हातात देईल. पोरीला मी आत काय आहे ते सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाही, पण येते म्हणाली. मी तिच्या मागच्या गाडीनं जतला उतरणार आहे, पोलिसात. पहिला जबाब खोटा होता, दुसरा लिहून घ्या, असं सांगणार आहे. पाना सोबत आहे. तो मी धुतला नव्हता. रोज्यात खोटं सोडलं नाही तर तो रोजा नुसती भूक-तहान, असं आमच्यात सांगतात. अकरा दिवस मी नुसता उपाशी होतो.

पल्लवी, हे मोठ्यानं वाच. बाळासोला आत बोलाव, उंबऱ्यावर नको. चौघांनाही बसव. वहिनींनाही.

जोतीरामनं त्या दिवशी खाटेवरनं मला काय विचारलं ते आधी लिहितो. चांगला कान माझ्याकडं करून म्हणाला, "मिस्त्री, नानासोंच्या आंगावरनं गाडी निघाली का न्हाई? मला तिथवरच आठवतंय. उचलली हुती मी. फुडं काय झालं?"

त्याला माहीत नाही, नानासो. त्याला वाटतं वरनं दगड आला. रेश्माला लोकांनी सांगितलंय, पण तिनं त्याला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी डोक्याला ताण नको म्हटलंय. मी म्हणालो, निघाली. तो म्हणाला, "झ्याक झालं." आणि डोळे मिटले.

पुढं काय झालं ते असं.

धुरळा होता, एवढं मी पहिल्यापासून खरं सांगितलं. खालच्या कुणालाच काही दिसत नव्हतं. मी चढून पोचलो तेव्हा गाडी उलटी पडली होती, चाकं हवेत फिरत होती, इंजिन अजून भुंकत होतं. तुझी शुद्ध गेली होती. तोंडात माती. मागच्या कॅरिअरखाली तुझा पाय अडकला होता. जोतीराम माझ्या आधी पोचला होता, कारण तो जवळ उभा होता आणि तो पळत गेला. त्यानं वाकून कॅरिअरच्या पाइपला हात घातले होते आणि मागची बाजू जमिनीपासून वीतभर उचलली होती. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. तोंडानं म्हणत होता, "ओढा रं, कोन तरी ओढा त्यास्नी, ओढा."

ते मी ऐकलं. पल्लवी, हे दोनदा वाच. ते मी ऐकलं. माझ्या कानांना ते चुकणं शक्य नाही.

पण माझ्या पायाशी माझंच लोखंड पसरलं होतं. डबा फुटला होता, पाट्यांचे तुकडे दगडांवर चमकत होते, आणि एकाला तुझं रक्त लागलं होतं. मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली की हे आता सगळे बघणार. नानासोला मी मारला, हे आता सगळ्यांना कळणार. त्या घटकेला मला दुसरा कुणीतरी पाहिजे होता. कुणीही. आणि तिथं एकच माणूस होता.

बावीस वर्षांपूर्वी पुलापाशी मी पाना घेऊन आलो तेव्हा तू विचारलंस, तुमचं ह्यात काय जात होतं. तेव्हा काही जात नव्हतं, म्हणून तो घाव खरा होता. ह्या वेळी माझं सगळं जात होतं.

मी हातातला पाना मारला. तो गुडघ्यावर आला, मग तोंडावर. त्याच्या हातातनं गाडी सुटली. ती पुन्हा तुझ्या पायावर आली, पूर्ण वजनानं, आणि त्या वेळी जो आवाज आला तो मी रोज पाचही नमाजांना ऐकतो. मिरजेला पडद्यामागं डॉक्टर आपल्या हाताखालच्याला सांगत होते, "या पायावर वजन दोनदा आलंय. पहिल्या वेळचं हाड जुळलं असतं. दुसऱ्या वेळेनं खालचं सगळं चिरडलं." मी बाहेर बाकावर बसलो होतो. वहिनी शेजारी होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही.

म्हणजे तुझा पाय डोंगरानं घेतला नाही, साडेआठशेच्या इंजिनानंही नाही, जोतीरामनं तर नाहीच. बाळासो, ज्याचे पाय घ्यायचेत तो उद्या दुपारी जतच्या पोलीस ठाण्यात बसलेला असेल. तिथं ये. माधवनगरला जाऊ नकोस. तिथं एक माणूस आहे, ज्यानं तुझ्या काकाचा पाय जवळजवळ वाचवला होता.

पैलवान एका घावात पाडला, असं मी उंब्रजपासून जतपर्यंत सांगत फिरलो. त्याची पाठ माझ्याकडं होती आणि दोन्ही हात गाडीखाली होते.